‘पुट ऑफ’ नेमके कसे वापरावे?

‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर किंवा बंद, एवढ्या भांडवलावर ‘पुट ऑफ’चा अर्थ लावायला जाणारा विद्यार्थी हमखास अडतो. मराठीत ‘तुला बघून घेईन’ असे कुणी दरडावले, तर त्यात बघणेही नसते आणि घेणेही नसते. इंग्रजीतली अशी जोड क्रियापदेही तशीच अखंड शिकावी लागतात.

सर्वांत जास्त उपयोगी पडणारा अर्थ पुढे ढकलण्याचा किंवा चालढकल करण्याचा आहे. ‘दे पुट ऑफ द वेडिंग टिल मे’ म्हणजे लग्न मे महिन्यापर्यंत पुढे ढकलले. इथे चुकून ‘कॉल्ड ऑफ’ लिहिले, तर पाहुणे लग्न मोडले असे समजतील, कारण ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे.

रचनेत दोन ठिकाणी चुका होतात आणि त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात, म्हणून तिथे थांबून सराव करावा. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. पण नामाच्या जागी सर्वनाम आले की ते मध्येच बसते, म्हणजे ‘पुट इट ऑफ’ बरोबर आणि ‘पुट ऑफ इट’ चूक. दुसरी चूक मराठीच्या वळणाने होते. ‘दाताच्या डॉक्टरकडे जायचे टाळले’ हे मनात असल्याने वहीत ‘आय पुट ऑफ टु गो टु द डेंटिस्ट’ उतरते. तिथे ‘आय पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट’ असेच हवे. भूतकाळातही ‘पुट’चे रूप बदलत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मन उडणे हा दुसरा अर्थ. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ म्हणजे त्या वासाने माझी अन्नावरची वासना उडाली. ज्याचे मन उडते ती व्यक्ती मध्ये येते आणि ज्यावरून उडते ती गोष्ट ‘ऑफ’नंतर येते. नकोसे वाटायला लावणाऱ्या गोष्टीला ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण याच अर्थातून मिळाले आहे.

फलंदाज चेंडूवर नजर रोखून असताना कुणी ओरडले आणि त्याचे लक्ष विचलित झाले, तर ‘द शाउट पुट हिम ऑफ’ म्हणतात. उधारी मागायला आलेल्याला सबबी सांगून टोलवणे यासाठीही ‘ही पुट मी ऑफ विथ एक्स्क्यूजेस’ ही रचना चालते. नेमका अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवावा.

आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे ‘पुट ऑफ द लाइट’ चूक नाही, ब्रिटिश इंग्रजीतही ते आढळते. मात्र लिहिताना ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ वापरणे मला अधिक योग्य वाटते.