पाच लाखांचा लिक्विड कूल्ड गेमिंग पीसी पारखताना या चुका टाळा

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस कोथरूडला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. “मामा, दुकानात पीसी लोण्यासारखा चालत होता, घरी मात्र अर्धा तास झाला की गेम अडखळायला लागतो.” संच पाच लाखांच्या घरातला, तयार जोडून घेतलेला, प्रोसेसरवर ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर बसवलेला. मी पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि खोलीतले तापमान ३५ अंश होते. गेम चालू ठेवूनच कॅबिनेटची काच काढली आणि पंपाकडून रेडिएटरकडे (द्रवातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना हळूच हात लावून पाहिला. एक नळी चांगलीच तापलेली होती, तर दुसरी जेमतेम कोमट होती. द्रव नीट वाहत असेल तर दोन्ही नळ्यांतला फरक हाताला फारसा कळत नाही. तो इतका स्पष्ट कळला याचा अर्थ द्रव नळ्यांमधून रेंगाळत चालला होता. बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) उघडल्यावर कारण सापडले. पंपाची वायर मदरबोर्डवरच्या अशा जोडणीत दिलेली होती जिला ‘सायलेंट’ पंख्याची सेटिंग लावलेली होती, त्यामुळे पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळतच नव्हते. पंप पूर्ण गतीवर ठेवल्यावर प्रोसेसरचे तापमान ११ अंशांनी उतरले आणि गेमचे अडखळणे थांबले.

संच जोडणाऱ्या दुकानदाराने फसवणूक केली असे मला वाटत नाही. त्याच्या वातानुकूलित दालनात दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हा दोष दिसणे शक्यच नव्हते. परंतु इतके पैसे मोजताना संच कसा पारखावा हे खरेदी करणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर असे दोष नेमके उन्हाळ्यात आणि नेमके घरी उघडे पडतात.

‘लिक्विड कूल्ड’ म्हणजे नेमके काय थंड होते हे न विचारणे

माझ्या मते सर्वांत मोठी चूक ही आहे. बाजारात ‘लिक्विड कूल्ड गेमिंग पीसी’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक संचांत द्रवाने थंड होतो तो फक्त प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या पंख्यांवरच अवलंबून असते. आता उष्णता कुठे निर्माण होते ते पाहा. आरटीएक्स ५०९० या कार्डाची वीजमर्यादा ५७५ वॅट आहे, तर गेमसाठी नावाजलेल्या रायझन ७ ९८००एक्स३डी या प्रोसेसरचे घोषित मूल्य १२० वॅट आहे आणि प्रत्यक्ष गेममध्ये तो बहुधा त्याहूनही कमी वीज घेतो. म्हणजे कॅबिनेटमधली तीन चतुर्थांशांहून अधिक उष्णता ज्या भागातून येते, त्याला त्या चकचकीत रेडिएटरचा थेट उपयोग शून्य. अशा प्रोसेसरला चांगला एअर कूलरही पुरतो. पंपावरच्या छोट्या स्क्रीनसाठी आणि रंगीत दिव्यांसाठी वाढीव पैसे मोजण्यापूर्वी कॅबिनेटच्या जाळ्या किती मोकळ्या आहेत, पुढून हवा आत येते की काचेमुळे अडते आणि मागून किती पंखे हवा बाहेर टाकतात हे पाहणे जास्त मोलाचे ठरते.

रेडिएटर कुठे बसवला आहे यालाही महत्त्व आहे. तो पुढे असेल आणि पंखे हवा आत ओढत असतील, तर प्रोसेसरला ताजी हवा मिळते, पण ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला गरम झालेली हवा येते. तो वर असेल आणि हवा बाहेर टाकत असेल, तर कार्डाने तापवलेली हवा रेडिएटरमधून जाते आणि प्रोसेसर काही अंशांनी अधिक तापतो. कार्ड एवढे तापणारे असताना मी दुसरी रचना पसंत करतो, कारण प्रोसेसरला ते चार-पाच अंश सहज सोसवतात.

एक जागा मात्र निखालस चुकीची आहे, ती म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी. बंद लूपमध्येही (पंप, नळ्या आणि रेडिएटर यांच्या सीलबंद वर्तुळातही) थोडी हवा असतेच आणि वर्षांगणिक द्रवाचा अंश नळ्यांच्या भिंतींतून झिरपून जात असल्याने ती वाढत जाते. हवा नेहमी सर्वांत उंच जागी साठते. पंप प्रोसेसरवर आणि रेडिएटर त्याच्या खाली असेल तर ती उंच जागा पंपाचीच ठरते, मग पंप खळखळतो आणि लवकर झिजतो. पुढच्या बाजूला उभा रेडिएटर असेल तर त्याची वरची कड पंपापेक्षा उंच आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

दालनातले तापमान घरचे समजणे

कोणताही साधा लिक्विड कूलर द्रवाला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो उष्णता नाहीशी करत नाही. चिपवरून उचलून रेडिएटरपर्यंत वाहून नेतो आणि तुमच्याच खोलीत सोडतो. (यामुळेच पावसाळ्यात नळ्यांवर दव धरेल ही अनेकांची भीती निराधार आहे, दव धरण्यासाठी नळी हवेपेक्षा थंड असावी लागते, आणि ती तशी कधीच नसते.) म्हणून नुसता आकडा पाहण्याला अर्थ नाही, आकड्यातून खोलीचे तापमान वजा करून उरणारा फरक पाहावा. दालनात २२ अंश असताना प्रोसेसर ७४ अंशांवर स्थिर राहिला, तर फरक ५२ अंशांचा आहे. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३५ अंश असतील, तर तोच संच त्याच कामात ८७ अंशांच्या आसपास जाईल. ९८००एक्स३डीची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, त्यामुळे हा संच उन्हाळा काढेल. पण दालनातच ८४ दाखवणारा संच काढणार नाही.

वेळेचेही तसेच आहे. द्रव, रेडिएटरचा धातू आणि कॅबिनेटमधली हवा हे सगळे तापून स्थिर होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांची चाचणी संच थंड असताना कसा वागतो एवढेच सांगते. दुकानदाराला एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून एखादा जड गेम किंवा थ्रीडीमार्कची सलग चालणारी चाचणी किमान पाऊण तास लावण्यास सांगावे, आणि त्या वेळी खोलीचे तापमान लिहून घ्यावे. जो दुकानदार पाच लाखांच्या संचासाठी पाऊण तास देण्यास कुरकुर करतो, त्याच्याकडून तीन वर्षांच्या सेवेची अपेक्षा मी ठेवणार नाही.

खोलीचाही विचार करावा. पूर्ण भारावर असा संच ७५० ते ८५० वॅट घेतो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. एक टनाच्या एसीची क्षमता सुमारे साडेतीन किलोवॅट असते; तिचा जवळजवळ चौथा हिस्सा एकटा पीसी खाऊन टाकतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तीन तास खेळल्यावर तापमान वाढते, आणि वाढलेले तापमान पुन्हा रेडिएटरमध्ये शिरते.

आतले भाग नावाने न तपासणे

पत्रकात ‘३२ जीबी डीडीआर५’ एवढेच लिहिलेले असते. घरी आल्यावर टास्क मॅनेजरमधील मेमरीच्या पानावर वेग आणि वापरलेले स्लॉट पाहावेत. ६००० वेगाची रॅम ४८०० वर चालताना दिसली, तर बायोसमधील एक्सपो किंवा एक्सएमपी ही रॅमला घोषित वेगावर चालवणारी सेटिंग चालू करायची राहिली आहे. एकच पट्टी लावलेली असेल तर ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन पट्ट्या एकत्र चालण्याचा, लाभ मिळत नाही, आणि ही बाब खरेदीपूर्वीच उघड व्हायला हवी होती.

ग्राफिक्स कार्डासाठी जीपीयू-झेड हे छोटे सॉफ्टवेअर उघडावे. आरटीएक्स ५०९०, ५०८० आणि ५०७० टीआय या कार्डांपैकी काही नगांत आरओपी नावाचे (चित्राचे अंतिम पिक्सेल तयार करणारे) घटक कमी भरले असल्याचे एनव्हिडियाने २०२५ च्या फेब्रुवारीत मान्य केले होते. ५०९० वर ही संख्या १७६ असायला हवी, ५०८० वर ११२ आणि ५०७० टीआय वर ९६. आकडा आठने कमी दिसला, तर कार्ड बदलून मागण्याचा तुमचा हक्क आहे. ही त्रुटी सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. त्याच खिडकीत कार्ड मदरबोर्डशी १६ लेनवर (माहिती वाहणाऱ्या मार्गांवर) चालते आहे की ८ वर हेही दिसते.

जुना साठा सवलतीत मिळत असेल आणि त्यात इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय९ असेल, तर बायोसची आवृत्ती विचारलीच पाहिजे. चुकीच्या जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर कायमचे बिघडत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि इंटेलने ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर बायोसमधून मिळणाऱ्या मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या. दुरुस्ती पुढचे नुकसान टाळते. आधी झालेली झीज भरून काढत नाही. म्हणून दालनात महिनोन्महिने जुन्या बायोसवर चाललेला प्रदर्शनाचा नग मी घेणार नाही.

विजेच्या वायरी गृहीत धरणे

५०९० सारख्या कार्डाला सोळा पिनांच्या एकाच कनेक्टरमधून सहाशे वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. ४०९० आल्यानंतर, २०२२ च्या ऑक्टोबरपासून, हे कनेक्टर वितळल्याच्या घटना समोर येऊ लागल्या आणि अर्धवट बसलेला प्लग हे त्यामागचे एक प्रमुख कारण ठरले. संच टेम्पोतून किंवा कुरिअरने आल्यावर तो चालू करण्याआधी वीज बंद ठेवून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड त्या प्लगवर मारावा. प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये फट दिसता कामा नये, आणि वायर प्लगच्या तोंडाशीच मुरडलेली नसावी. कॅबिनेटची काच बंद करताना वायर दाबली जात असेल, तर कॅबिनेट त्या कार्डासाठी अरुंद आहे.

घरच्या विजेकडे तर कोणी पाहतच नाही. आपल्याकडे साध्या संगणकासाठी घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण साडेतीनशे वॅटच देतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि त्या वेळी गेम चालू असला, तर तो यूपीएस क्षणात हात टेकतो. अशा संचाला दोन केव्हीएचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा. जुन्या वाड्यांत आणि काही जुन्या सोसायट्यांत अर्थिंग नावालाच असते; कॅबिनेटच्या उघड्या धातूला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर संच लगेच बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

लक्षण एक, निदान भलतेच

संच अचानक बंद पडला की “कूलर बिघडला” असे सरसकट म्हटले जाते. बंद पडण्यापूर्वी तापमान चढत गेले होते का, हे नोंदीत पाहावे. चढले असेल तर पंप, प्रोसेसर व कूलर यांच्यामधली पेस्ट किंवा धूळ यांच्याकडे वळावे. तापमान ७० अंशांवर असताना संच विजेचा झटका बसल्यासारखा बंद झाला, तर एसएमपीएस (संचाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा घरची वायरिंग संशयित आहे. पडदा काळा झाला, पंखे मात्र जोरात फिरत राहिले, तर आधी ग्राफिक्स कार्डाचा कनेक्टर पाहावा. विंडोजमधील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद वाचून निष्कर्ष काढू नये. संच नीट बंद न होता बंद पडला एवढेच ती सांगते.

पहिल्या एक-दोन दिवसांत पंपातून थोडी खळखळ ऐकू येणे स्वाभाविक आहे, कारण वाहतुकीत हवेचे बुडबुडे लूपभर पसरतात. आठवड्यानंतरही ती ऐकू येत असेल तर तक्रार नोंदवावी. गेम अपेक्षेपेक्षा फारच हळू चालत असेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लागली आहे की ग्राफिक्स कार्डाला, हे पाहण्यास संकोच करू नये. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही द्रवावर असलेला कस्टम लूप (सुटे भाग जोडून बनवलेली द्रवाची रचना) घेणार असाल तर देखभाल तुमच्या गळ्यात आहे हे समजून घ्या. कूलंट साधारण वर्षभराने बदलावा लागतो, आणि संच रिकामा करण्यासाठी झडप दिलेली नसेल तर ते काम फार कटकटीचे होते. लूपमध्ये तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र नसल्याची लेखी खात्री घ्यावी, कारण या दोन धातूंच्या संगतीने गंज सुरू होतो. पातळी कमी झाली म्हणून आरओचे किंवा नळाचे पाणी कधीही ओतू नये. दुधासारखे दिसणारे रंगीत कूलंट छायाचित्रात सुंदर दिसते, परंतु त्यातले कण कालांतराने चिपवर बसणाऱ्या ब्लॉकच्या बारीक पन्हळींत साठतात. मी पारदर्शकच घेईन.

बिलावर संपूर्ण संचाची एकच ओळ न घेता ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, कूलर, एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांचे अनुक्रमांक वेगवेगळे लिहून घ्यावेत. कूलर गळून कार्डाचे नुकसान झाले तर ते कोण भरून देणार, हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावे. मूळ खोका आणि फोम टाकून देऊ नये. आतल्या भागांना आधार म्हणून भरलेला फोम मात्र संच चालू करण्यापूर्वी आठवणीने काढावा. दुरुस्तीसाठी गाडीतून न्यावा लागला, तर कॅबिनेट मदरबोर्ड खालच्या अंगाला येईल असे आडवे ठेवावे, म्हणजे कार्ड सरळ उभे राहील आणि गतिरोधकांवर त्याचे वजन स्लॉटवर लोंबकळणार नाही.