प्रश्नच चुकलाय म्हणता? मग हरकत अशी घ्या

दर रविवारी रात्री नऊला टेलिग्रामवर आमची प्रश्नमंजुषा सुरू होते. परभणी, लातूर, नांदेड, अंबाजोगाई अशी कुठकुठली साठेक माणसं जमतात. त्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं जास्त, थोडे निवृत्त गुरुजी, आणि जेवणं उरकून बसलेल्या चार-पाच जणी. प्रश्न पंचवीस, प्रत्येकाला वीस सेकंद. प्रश्न मी काढते, त्यामुळे शिव्याही मीच खाते.

एका रविवारी मी विचारलं, "वैजनाथ ज्योतिर्लिंग कोणत्या राज्यात आहे?" बरोबर उत्तर 'महाराष्ट्र' लावून ठेवलं होतं. लातूरच्या एका पोरानं 'झारखंड' टिपलं आणि त्याचा गुण गेला. लगेच त्याचा मेसेज आला, "मॅडम, काय करायलाव? देवघरचं वैद्यनाथ बी ज्योतिर्लिंगच मानतेत की." परळीचे एक काका आमचे नेमाचे खेळाडू. ते भडकले, "परळीत येऊन बोल म्हणावं हे." रात्री साडेबारापर्यंत हेच चाललं. पोरगं बरोबर होतं आणि काकाही बरोबर होते. चुकले होते मी, कारण वादाची गोष्ट मी एका उत्तराची असल्यासारखी विचारली होती.

तेव्हापासून हरकती कशा घ्याव्यात आणि कशा निकालात काढाव्यात याची एक रीत आम्ही बसवली. आधी खेळणाऱ्यांसाठी सांगते, मग प्रश्न काढणाऱ्यांसाठी.

१. आधी स्क्रीनशॉट, मग भांडण

प्रश्न पडद्यावरून गेला की डोक्यात त्याची भलतीच आवृत्ती उरते. 'सर्वात लांब' विचारलेलं असतं, आपल्याला 'सर्वात मोठी' आठवतं. म्हणून प्रश्न, सगळे पर्याय, तुम्ही टिपलेलं उत्तर आणि खेळानं बरोबर ठरवलेलं उत्तर, हे चारही एका चित्रात येऊ द्या. घड्याळ पळत असताना जमत नसेल तर फेरी संपल्या संपल्या वर सरकून घ्या. स्क्रीनशॉटशिवाय आलेली हरकत मी वाचतसुद्धा नाही.

२. खोट नेमकी कोणत्या शब्दात आहे ते शोधा

"प्रश्न चुकीचा आहे" एवढ्यानं काही होत नाही. कुठला शब्द चुकला, किंवा कुठला शब्द राहिला, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. माझ्याकडे आजवर आलेल्या हरकतींत चार दुखणी पुन्हा पुन्हा दिसली.

पहिलं, 'कधीचं' हे सांगायचं राहिलेलं. "मराठवाड्यात जिल्हे किती?" हा प्रश्न सोपा वाटतो ना? १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा पाच होते: औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद. १९८१ ला जालना वेगळा झाला, १९८२ ला लातूर, १९९९ ला हिंगोली. आज आठ. प्रश्नात 'सध्या' हा शब्द असेल तर वाद नाही. पण प्रश्न जुन्या पुस्तकातून उचललेला असेल आणि उत्तरात 'सात' लावलेलं असेल, तर हरकत घ्यायलाच हवी. नावांचंही तेच. "औरंगाबादचं जुनं नाव काय?" याला खडकी म्हणा, फतेहनगर म्हणा, दोन्ही चालतं. आणि २०२३ पासून शहर छत्रपती संभाजीनगर झाल्यावर 'औरंगाबाद' हेच जुनं नाव होऊन बसलंय. "मराठवाडा महाराष्ट्रात कधी आला?" यातही असाच खड्डा आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. विचारणाऱ्याला यातली नेमकी कुठली तारीख हवी होती?

दुसरं, 'कशात मोजून' हे राहिलेलं. "मराठवाड्यातला सर्वात मोठा जिल्हा कोणता?" क्षेत्रफळानं बीड, सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर. लोकसंख्येनं मात्र औरंगाबाद, २०११ च्या जनगणनेत ३७ लाखांवर. 'मोठा' हा शब्द दोघांनाही शोभतो. किल्लारीच्या भूकंपाचा प्रश्न तर विचारूच नये असं माझं मत आहे. "किती रिश्टरचा?" म्हणून पर्यायांत ६.२ आणि ६.४ दोन्ही ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. हे दोन्ही आकडे छापील सापडतात, कारण मोजायच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत. विचारायचंच असेल तर ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख विचारा. ती इकडच्या प्रत्येक घराला पाठ आहे.

तिसरं, एकाच नावाच्या दोन गोष्टी. "अजिंठा कोणत्या तालुक्यात आहे?" अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात, लेणी सोयगाव तालुक्यात. प्रश्नात 'लेणी' हा एक शब्द घातला असता तर पुढचे शंभर मेसेज वाचले असते. ज्योतिर्लिंगांत तर हे पावलोपावली. औंढ्याचा नागनाथ घ्या, तिकडे द्वारकेजवळचा नागेश्वर आहेच. वेरूळच्या घृष्णेश्वराचा प्रश्न त्या मानानं बिनधोक.

चौथं आपल्या मराठीचं खास दुखणं, म्हणजे क्रियापद. "बीबी का मकबरा कोणी बांधला?" मराठीत पैसा देणाराही 'बांधतो', देखरेख करणाराही आणि गवंडीसुद्धा. त्यामुळे कुणी औरंगजेब लिहितं, कुणी त्याचा मुलगा आझमशहा, आणि एखादा हुशार पोरगा वास्तुशिल्पी अताउल्लाचं नाव घेऊन येतो. 'कोणाच्या स्मरणार्थ बांधला' असं विचारा, दिलरस बानू बेगम हे एकच उत्तर येईल.

३. हरकत खरी आहे की गुण गेल्याचा राग, हे ताडून बघा

ही पायरी सगळ्यांना नको असते. मी एक सोपी युक्ती वापरते. पर्याय झाकायचे आणि तोच प्रश्न त्या विषयातल्या जाणकाराला विचारायचा. त्यानं सरळ उत्तर दिलं तर प्रश्न ठीक आहे. त्यानं उलट तुम्हालाच विचारलं, "कधीचं म्हणता?", "क्षेत्रफळानं का?", तर खोट प्रश्नात आहे. आणि त्याचा तो उलटा प्रश्न हीच तुमची हरकत.

एकदा प्रश्न होता, "जायकवाडी धरण कोणत्या जिल्ह्यात आहे?" एका गुरुजींनी बीड लिहिलं आणि हरकत घेतली, की जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं आहे, धरणाची मूळ आखणी तिथलीच होती. गुरुजींचं म्हणणं खरं आहे. धरण वर पैठणला सरकलं तरी नाव गावाचंच राहिलं. पण प्रश्न धरणाचा होता आणि धरण पैठणला, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. कुठलाही जाणकार यावर उलटा प्रश्न करणार नाही. हरकत फेटाळली. गुरुजी दोन आठवडे आले नाहीत.

४. पुरावा आणा, पण नेमका

फॉरवर्ड आलेला मेसेज पुरावा नसतो, आणि बसस्टँडवर मिळणारं 'पाच हजार प्रश्नसंच'ही नाही. त्यातल्या चुकांमुळेच निम्मे वाद होतात. जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ, जिल्हा गॅझेटियर, जनगणनेचे तक्ते, शालेय पाठ्यपुस्तक, यांतलं काहीतरी हवं. विकिपीडियावरून सुरुवात करायला हरकत नाही, फक्त तळाशी दिलेल्या मूळ स्रोतापर्यंत जा.

तुमचं म्हणणं 'दोन्ही उत्तरं चालतात' असं असेल, तर पुरावेही दोन्ही बाजूंचे द्या. आमचे खेळाडू फक्त स्वतःच्या उत्तराचा पुरावा देतात, आणि मग सिद्ध एवढंच होतं की खेळाचं उत्तर चूक आहे, जे खरं नसतं.

पुस्तक कोणतं धरायचं हेही आधी ठरलेलं बरं. लातूरच्या पोरांना हे सांगावं लागत नाही. २०२४ च्या नीट परीक्षेत अणूवर एक प्रश्न होता. 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' अशा अर्थाचं विधान जुन्या एनसीईआरटी पुस्तकात होतं, नव्या पुस्तकात तिथे 'बहुतेक' आलं. परीक्षा घेणाऱ्यांनी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, आणि पैकीच्या पैकी गुणवाले ६१ होते त्यातले १७ उरले. एका शब्दानं ४४ जणांचे पूर्ण गुण गेले.

५. हरकत चार ओळींत लिहा

आमच्याकडे आलेली एक चांगली हरकत अशी होती:

"प्रश्न १४: 'वेरूळला बौद्ध लेणी किती?' खेळाचं उत्तर १०, मी टिपलेलं १२. वेरूळच्या क्रमांक दिलेल्या ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. क्रमवारीचा फोटो सोबत. शब्दांत खोट नाही, उत्तरच चुकीचं लागलंय. कृपया १२ धरावं."

वाचायला मिनिट लागलं नाही आणि निर्णयाला दोन. 'तुम्ही नेहमी असंच करता', 'मागच्या वेळीही' वगैरे लिहिलं की आयोजकाचं डोकं प्रश्नावरून उडून तुमच्यावर जातं. पहिली हरकत आयोजकाला खाजगीत पाठवा. उत्तर मिळालं नाही तर मग चारचौघांत विचारा.

६. आता प्रश्न काढणाऱ्यांसाठी

हरकत कधीपर्यंत घ्यायची ते खेळाआधी जाहीर करा. आमच्याकडे सोमवारी रात्री आठपर्यंत. निर्णय प्रश्न काढणाऱ्यानं देऊ नये. मी काढलेल्या प्रश्नांवर हिंगोलीच्या एक शिक्षिका निर्णय देतात, त्यांच्या प्रश्नांवर मी. आपल्याच प्रश्नाची बाजू घेण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, मला तर नाहीच.

निर्णयाच्या वाटा तीन. उत्तरच चुकीचं लागलं असेल तर ते दुरुस्त करून सगळ्यांचे गुण पुन्हा मोजा. दोन उत्तरं टिकत असतील तर दोन्हींना गुण द्या. प्रश्नाला धड अर्थच नसेल तर रद्द करा. 'सगळ्यांना सरसकट गुण' ही चौथी वाट मला पटत नाही. ज्यानं उत्तरच दिलं नाही त्यालाही ती खिरापत मिळते. पटकन उत्तर देणाऱ्याला जास्त गुण देणाऱ्या खेळांत रद्द करणंच बरं, कारण गोंधळात पडून थांबलेल्याचे सेकंद तुम्ही परत कसे देणार?

टेलिग्रामवर टाकलेली प्रश्नमंजुषा नंतर दुरुस्त करता येत नाही, म्हणून गुणांचा तक्ता वेगळा ठेवा. गुगल फॉर्मवर उत्तर टाइप करून घेत असाल तर चालण्यासारखी सगळी रूपं आधीच उत्तरतालिकेत घाला. पैठण, पैठन आणि रोमनमधलं पैठणसुद्धा. यंत्र अक्षरं जुळवतं, अर्थ नाही. मराठी ८ आणि इंग्रजी 8 त्याच्या लेखी वेगळे. 'ॲ' हे अक्षर तर दोन तऱ्हांनी टाइप होतं, डोळ्यांना सारखं दिसतं आणि यंत्राला वेगळं. 'ॲ'च्या पायी आमच्या एका ताईंचे गुण दोनदा गेले होते, तेव्हा कुठे मला कळलं.

आणि हो, प्रवेश फी लावू नका. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, २०२५ च्या कायद्यानं बंद केलेत. आमचं बक्षीस म्हणजे पुढच्या रविवारचे पाच प्रश्न काढायचा मान. त्यामुळे हरकती घेणाऱ्यांनाही कधीतरी या बाजूला बसावं लागतं, आणि मग त्यांच्या हरकती बऱ्याच सौम्य होतात.

७. प्रश्न पाठवण्याआधी एकदा फिरवा

आदल्या रात्री प्रश्न एकाला पर्यायांशिवाय पाठवायचा, तिसऱ्या पायरीतली युक्ती इथेही चालते. "मराठवाड्याचे पहिले मुख्यमंत्री कोण?" असा एक प्रश्न माझ्याकडे आला होता. आमच्या शिक्षिकाबाईंनी लगेच विचारलं, "हैदराबाद राज्याचे का महाराष्ट्राचे?" मग तो झाला, "मराठवाड्यातून आलेले महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोण?" शंकरराव चव्हाण, १९७५. एकही हरकत आली नाही. 'नाही' असलेले प्रश्न टाळा, किंवा निदान तो शब्द ठळक करा. वीस सेकंदांत निम्म्या लोकांना तो दिसत नाही.

वैजनाथाचा प्रश्नही मी पुन्हा घेतला. "परळी वैजनाथ कोणत्या जिल्ह्यात आहे?" असा. सगळ्यांनी बीड लिहिलं, लातूरच्या पोरानंही. निकाल लागला आणि काकांचा खाजगीत मेसेज आला, "ताई, हे काय इचारायचं झालं? लई सोपं करायलाव आजकाल."