नाचणाऱ्या बाईंची आठवण कशी जागवावी

शाळेतल्या बाई गेल्या की शोकसभा होते. एकामागून एक वक्ते ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय’ म्हणतात, सगळे दोन मिनिटं उभे राहतात आणि चहा होतो. आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना असं उरकून चालणार नव्हतं. बाई नाचायच्या. गॅदरिंगला पोरींचे नाच बसवायच्याच, पण मंगळागौरीला पदर खोचून फुगडीला उभ्या राहिल्या की समोरची दमल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मी त्यांची सहकारी. आम्ही जे केलं त्यावरून सांगते.

आधी घरच्यांना विचारा. तेराव्याच्या आसपास नाचाचं नाव काढू नका, वर्षश्राद्ध होऊन जाऊ द्या. आम्हाला ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, सोयीची वाटली. गॅदरिंगचे दिवस तेच, मांडव आणि स्पीकर आलेलाच असतो.

नोकरीचा माग सेवापुस्तकात लागतो: नेमणूक, बदल्या, कुठल्या गावी किती वर्षं. मग त्या त्या शाळेत शेरेबुक बघायला मागा. भेटीला आलेले साहेब त्यात लिहून जातात. आम्हाला एका शेऱ्यात बाईंच्या लेझीम पथकाचं कौतुक आणि वर्गाचं गणित कच्चं असल्याचा टोमणा, दोन्ही एकाच ओळीत मिळालं. आम्ही ते तसंच छापलं.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ‘बाईंविषयी चार शब्द लिहा’ असं टाकलंत तर पुन्हा ‘मनमिळाऊ’च येईल. त्यापेक्षा विचारा, कुठला नाच शिकवला, तू कितव्या रांगेत होतीस, चुकलीस की बाई काय म्हणायच्या? आणि जमेल तिथे लिहायला लावूच नका, उभं करा. एक जण, आता दोन पोरांची आई, म्हणाली मला काही आठवत नाही हो. तिच्या हातात लेझीम दिली. हलगीचा ठेका पडला तसे ‘चार आवाज’ आपोआप निघाले, मग ‘पवित्रा’, मग ‘दो रुख’, असे लेझमीचे प्रकार ओळीनं. दो रुखला वळताना डावा खांदा जरा आधी पाडायचा, ही बाईंची खास लकब, ती हिच्या अंगात जशीच्या तशी. हे मोबाइल आडवा धरून, पायांसकट शूट करा. नुसता चेहरा घेऊन काय उपयोग?

अल्बमला चिकटलेले फोटो उपटू नका. फ्लॅश बंद करून, सावलीतल्या उजेडात, पानासकट त्यांचे फोटो घ्या. गॅदरिंगच्या व्हिडिओ कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप फाटते आणि मशीनही खराब होतं. डिजिटल करून देणाऱ्याकडे सोपवा.

नावं ठेवणारेही होते. ‘मास्तरणीला शोभतं का हे?’ गावात म्हणायचे, स्टाफरूममध्येही. कोण म्हणालं ते नका लिहू, पण म्हणायचे हे गाळू नका, नाहीतर बाईंची हिंमत कळणारच नाही. बाई घरी दार लावून लावणी करायच्या, हे त्यांच्या सुनेनं हसत सांगितलं. छापायच्या आधी मात्र तिला पुन्हा विचारलं. अशा गोष्टी घरच्यांच्या होकाराशिवाय छापायच्याच नाहीत.

कार्यक्रमात अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणा एकच ठेवा, निम्मी भाषणं तिथेच वाचतात. हार घातलेला फोटो कडेला, मधली जागा मोकळी. आधी आताच्या मुलांची लेझीम, मग जुन्या मुलींची, शेवटी झिम्मा-फुगडी, गुडघ्यांना झेपेल तेवढी. फुगडी मातीच्या अंगणात घाला, गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो. लेझीम रेकॉर्डवर अजिबात नको. खेळणाऱ्यांकडे बघत ठेका चढवणारा हलगीवाला हवा, त्याची बिदागी आधी ठरवा.

पुस्तिकेची एक प्रत आणि सगळे व्हिडिओ असलेला पेन ड्राइव्ह शाळेत द्या, तसाच एक संच घरी. उरलेल्या वर्गणीतून शाळेच्या लेझमी दुरुस्त करून घ्या: चकत्या गळालेल्या असतात, साखळी गंजलेली, दांडा सैल. नव्या घ्यायच्या झाल्या तर लहान वर्गांसाठी हलक्या बघा, जड लेझमीनं तिसरी-चौथीच्या पोरांचे हात भरून येतात.