वरचं दूध सुरू करायचंय? डबा उघडायच्या आधी हे वाचा

बाळ जरा रडलं की घरात एक वाक्य ठरलेलंच असतं, "हिचं दूध पुरत नाहीये." सासूबाई म्हणतात, मावशी म्हणते, शेजारच्या काकू तर दारातूनच सांगून जातात, आणि संध्याकाळपर्यंत मेडिकलमधून फॉर्म्युल्याचा डबा घरात आलेला असतो. माझा डब्याला विरोध नाही, गरज असेल तर बिनधास्त द्या, फक्त गरज आहे की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. बाळं गॅसने रडतात, उकडलं म्हणून रडतात, झोप आली तरी रडतात आणि कधीकधी नुसतं उचलून घ्या म्हणून रडतात.

मग ठरवायचं कशावरून? शू आणि वजन. पाचव्या दिवसानंतर बाळ 24 तासांत 6 किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि ती फिकट असेल तर दूध पोटात जातंय. डायपरमध्ये हे मोजता येत नाही, म्हणून एखादा दिवस सुती लंगोट बांधा, धुवायचा वैताग आहे पण डोक्यातली शंका जाते. वजनाचं असं की पहिल्या काही दिवसांत ते थोडं उतरतंच, 7 टक्क्यांपर्यंत उतरलं तर घाबरायचं काही नसतं, 10 च्या आसपास गेलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. साधारण दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं. हे दोन्ही ठीक असेल तर दूध पुरतंय, मग स्तन मऊ का लागतायत, पंपाने एवढंसंच का निघालं, याचा विचार सोडून द्या, कारण बाळ पंपापेक्षा कितीतरी जास्त दूध ओढतं.

पहिले दोन-तीन दिवस तर दूध "आलंच नाही" असं वाटतं. येतो तो चीक, घट्ट, पिवळसर, चमचाभरच, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच असतं आणि जंतूंशी लढायचं सामान त्यातच असतं, तो पिळून टाकू नका. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावायचं, सिझर असलं तरी, फक्त टाके दुखतात म्हणून कुशीवर झोपून पाजा किंवा बाळाला काखेखाली धरा. आणि मध चाटवणं, साखरपाणी, घुटी हे सगळं नको. मधातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षभर मध नाहीच. सहा महिने पाणीसुद्धा नाही, मे महिन्यातल्या नागपुरातही नाही, आईच्या दुधात पाणीच जास्त असतं.

आता खरं दुखणं. निपलला चिरा पडणं, पाजताना डोळ्यांतून पाणी येणं, याचं कारण बहुतेक वेळा बाळाने नुसतं टोक तोंडात धरलेलं असतं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकवा, नाक निपलसमोर आणा, वरच्या ओठाला निपल घासा, ते मोठ्ठा आ करेपर्यंत थांबा आणि मग पटकन जवळ ओढा, बाळाला छातीकडे आणायचं, आपण वाकायचं नाही (कंबर तिथेच जाते). हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळसर भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय, म्हणजे नीट धरलंय. दुखतंच असेल तर कडेने करंगळी घालून सोडवा, परत लावा. स्तनात गाठी झाल्या तर पाजणं थांबवू नका, दूध काढत राहा, आणि ताप-लाली आली तर डॉक्टर.

वरचं दूध उगाच सुरू केलं की होतं काय, पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढतं, ओढलं नाही की शरीर दूध कमी बनवतं, मग अजून वरचं लागतं आणि पंधरा दिवसांत "बघ, म्हटलं होतं ना" ऐकावं लागतं. सुरुवातीला दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायला लागतं, रात्रीचं टाळू नका. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खा, बाळंतिणीला भूक लागतेच, पण दूध वाढतं ते पाजल्याने.

तरीही फॉर्म्युला लागू शकतो. आईची काही औषधं, थायरॉइड, आधीचं स्तनाचं ऑपरेशन, खरंच वजन न वाढणं, किंवा आईचं शरीर-मन पार थकलेलं असणं, हेही कारणच आहे आणि त्याचा जाब कुणाला द्यायचा नसतो. बाळ NICU मध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असेल तर आधी मिल्क बँकेची (इतर आयांनी दान केलेलं दूध तिथे मिळतं) चौकशी करा, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये 1989 पासून आहे, आशियातली पहिली. फॉर्म्युल्याचा फायदा म्हणजे रात्री बाबाही पाजू शकतो आणि किती प्यायलं ते दिसतं. पण आजारांपासूनचं जे संरक्षण आईच्या दुधातून मिळतं ते यात नाही, आणि खर्च बघा, दिवसाला 800 मिली पिणारं बाळ 400 ग्रॅमचा डबा चारेक दिवसांत संपवतं.

द्यायचाच तर नीट द्या. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळायचं आणि चांगलं गरम, 70 अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घालायची, मग बाटली नळाच्या धारेखाली धरून कोमट करायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. आधी पाणी, मग पावडर. बहुतेक डब्यांवर 30 मिलीला 1 स्कूप असतो, तो सपाट, सुरीने वरचं काढून टाकून. डबा पुरावा म्हणून पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं, ताकद यावी म्हणून घट्ट केलं तर पोट गच्च होतं आणि किडनीवर ताण येतो. उष्टं उरलेलं तासाभरानंतर ओतून द्या, जीव तुटला तरी. बाटली उकळायचा कंटाळा येत असेल तर स्वच्छ वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, बाटलीच्या बुचात जंतू लपतात. गाईचं दूध वर्ष होईपर्यंत मुख्य दूध म्हणून नको. आणि कुणी फुकट सॅम्पल हातात ठेवलं तर बाळांच्या वरच्या दुधाबद्दलच्या 1992 च्या कायद्याने ते देणंच बेकायदेशीर आहे.

दोन्ही देत असाल तर आधी अंगावर, मग वरचं. ऑफिस सुरू होणार असेल तर 26 आठवड्यांची रजा संपायच्या आधीच थोडं थोडं काढून साठवायला लागा. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात तेवढाही भरवसा नको, थेट फ्रीजमध्ये, दारात नाही तर आतल्या बाजूला, 4 दिवस. लोकलने जाताना आइस पॅकची पिशवी. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

बाळ पाजायला उठतच नसेल, सुस्त पडून असेल, सात-आठ तास शू झाली नसेल किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल तर अंगावरचं की वरचं हा वाद बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जा.