लसावि काढण्याच्या पद्धती: कोणत्या संख्यांना कोणती सोयीची?

समजा, कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून एका मार्गाची बस दर २० मिनिटांनी आणि दुसऱ्या मार्गाची दर २४ मिनिटांनी सुटते. सकाळी ६ वाजता दोन्ही बरोबरच सुटल्या, तर पुन्हा एकाच वेळी केव्हा सुटतील? २० आणि २४ या दोन्ही संख्यांनी जिला निःशेष भाग जातो, अशी सर्वांत लहान संख्या, म्हणजे त्यांचा लघुतम सामाईक विभाज्य किंवा लसावि, हे त्याचे उत्तर होय.

लहान संख्यांसाठी पाढा पुरतो. मात्र दोन्ही पाढे लिहीत बसू नये. मोठ्या संख्येचा पाढा म्हणत जावे आणि प्रत्येक टप्प्यावर लहान संख्येने भाग जातो का, एवढेच पाहावे. २४, ४८, ७२, ९६ यांना २० ने भाग जात नाही, १२० ला जातो. म्हणून लसावि १२०, आणि बस पुन्हा ८ वाजता बरोबर सुटतील.

त्याहीआधी संख्यांकडे नीट पाहावे, कारण कधी कधी काही करावेच लागत नाही. मोठ्या संख्येला लहान संख्येने भाग जात असेल, तर मोठी संख्याच लसावि असते. दोन संख्या सहमूळ असतील, म्हणजे त्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तर त्यांचा गुणाकार हाच लसावि. अंबाबाईची पालखी दर शुक्रवारी, म्हणजे ७ दिवसांनी निघते. एखाद्या कामगाराची सुटी दर ६ दिवसांनी येत असेल आणि आज दोन्हींचा योग जुळला असेल, तर पुढचा योग ४२ दिवसांनी येईल.

मूळ अवयवांची पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण लसावि मुळात कशाचा बनतो, हे तिच्यात उघड दिसते.

२० = २ × २ × ५
२४ = २ × २ × २ × ३

प्रत्येक मूळ अवयव ज्या संख्येत जास्तीत जास्त वेळा आला असेल, तितक्या वेळा घ्यावा. येथे २ तीनदा, ३ एकदा आणि ५ एकदा, म्हणून २ × २ × २ × ३ × ५ = १२०. दोन्ही संख्यांमधले सगळे अवयव एकत्र गुणले, तर ४८० येतात. तो सामाईक विभाज्य खरा, पण लघुतम नव्हे.

तीन किंवा अधिक संख्या असल्या की उभी मांडणी सोयीची पडते, पण चुका होतात त्या येथेच. शाहूपुरीतल्या एखाद्या गुळाच्या गोदामात १२, १८ आणि ४५ सेंटीमीटर उंचीच्या खोक्यांच्या तीन थप्प्या सारख्या उंचीच्या रचायच्या आहेत, असे धरू.

३ | १२, १८, ४५
२ | ४, ६, १५
३ | २, ३, १५
  | २, १, ५

पहिल्या भागाकारानंतर ४, ६, १५ या तिघांना सामाईक विभाजक उरत नाही, म्हणून अनेक विद्यार्थी तेथेच थांबतात. मसावि, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, काढताना तेथे थांबणे बरोबरच असते. लसावि काढताना मात्र कोणत्याही दोन संख्यांना भाग जात असेल, तोवर पुढे जावे आणि ज्या संख्येला भाग जात नाही, ती तशीच खाली उतरवावी. डावीकडचे भाजक आणि तळाच्या संख्या यांचा गुणाकार ३ × २ × ३ × २ × १ × ५ = १८०. मध्येच थांबल्यास उत्तर १०८० येते, म्हणजे जवळजवळ ११ मीटरची थप्पी. ती रचायला आधी गोदामाचे छप्परच काढावे लागेल!

३९१ आणि ४३७ यांसारख्या संख्यांचे अवयव पटकन सुचत नाहीत. अशा वेळी आधी मसावि काढावा. ४३७ ला ३९१ ने भागल्यास बाकी ४६, ३९१ ला ४६ ने भागल्यास बाकी २३, आणि ४६ ला २३ ने निःशेष भाग जातो. म्हणून मसावि २३. दोन संख्यांचा गुणाकार हा त्यांच्या लसावि आणि मसावि यांच्या गुणाकाराइतका असतो, तेव्हा लसावि = (३९१ ÷ २३) × ४३७ = १७ × ४३७ = ७४२९. आधी भागून मग गुणावे, म्हणजे आकडे आवाक्यात राहतात. हे सूत्र दोनच संख्यांसाठी आहे. १२, १८, ४५ यांना ते लावले, तर ९७२० ÷ ३ = ३२४० असे चुकीचे उत्तर येते.

उत्तर तपासताना लसाविला प्रत्येक संख्येने भागावे आणि आलेल्या भागाकारांकडे पाहावे. १८० साठी ते १५, १० आणि ४ येतात; या तिघांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, म्हणून उत्तर लघुतमच आहे. १०८० साठी ९०, ६० आणि २४ येतात. त्यांचा मसावि ६, म्हणजे उत्तर नेमके सहापट मोठे निघाले आहे.