खान्देशात थिएटर चालवायचं तर आधी माणसं टिकवा

जळगावच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी तिकीट खिडकीपासून ड्युटी मॅनेजरपर्यंत काम केलंय. या कामात यायचं असेल तर एक गोष्ट आधीच ओळखून या: कोणता सिनेमा लागणार हे तुमच्या हातात नसतं. तुमच्या हातात असतात ती थिएटरात काम करणारी माणसं.

आपला आठवडा शुक्रवारी सुरू होतो. सोमवार ते गुरुवार दुपारचे शो बहुतेक रिकामे जातात; शनिवार-रविवारी मात्र इंटरवलला अख्खा हॉल पॉपकॉर्नच्या काउंटरवर उतरतो. म्हणून माणसांचा हिशेब आठवड्याच्या सरासरीवर न करता इंटरवलवर करा. दोन स्क्रीनचे इंटरवल एकाच वेळी पडत असतील तर खिडकीवरच्या मुलाला, डोअरकीपरला काउंटरचं काम आधीच शिकवलेलं हवं.

प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरला तर फारच जपावं लागतं. आता रीळ नाही. सिनेमा हार्डडिस्कवर किंवा सॅटेलाइटने सर्व्हरमध्ये येतो आणि केडीएम नावाची डिजिटल किल्ली तो ठरलेल्या मुदतीतच उघडते. किल्ली आली का, चालते का, हे गुरुवारीच बघावं लागतं. हे एकट्यालाच येत असेल आणि तोच सोडून गेला, तर शुक्रवारचा पहिला शो अडकतो. दुसरा माणूस तयार करा, आणि शिकणाऱ्याचा पगारही त्याप्रमाणे वाढवा. नुसतं शिकवून ठेवलं तर तो ते काम घेऊन पुण्याला जातो.

माणसं पगारापायी जातात हे खरंच. पण आपल्याकडे त्याहून मोठं कारण मला दिसलं ते रात्री घरी जाण्याचं. लास्ट शो सुटून आवरेपर्यंत मध्यरात्र उलटते. आसोदा, ममुराबाद, नशिराबादकडच्या मुलांना तेव्हा एसटी कुठून मिळणार? गावाकडच्यांना सकाळची शिफ्ट, शहरातल्यांना रात्रीची, आणि रात्री थांबणाऱ्यांसाठी गाडी, एवढं केलं की माणूस थांबतो. महिलांना रात्री साडेनऊनंतर ठेवायचं तर कायद्याने त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय लागतेच.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तर आपली खास अडचण. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, गर्दीचे सिनेमे, आणि नेमक्या त्याच दिवसांत प्रत्येकाला घरी जायचं असतं. बहिणी माहेरी आलेल्या असतात. शेतात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, सालही आखाजीलाच ठरतं, त्यामुळे नोकरी बदलायचा विचारसुद्धा घराघरात तेव्हाच होतो. रजा महिनाभर आधी लिहून घ्या, पाळी ठरवा, आणि पगारवाढ आखाजीच्या आधी सांगा. नंतर सांगून उपयोग नाही.

मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली. महाराष्ट्रात ती ५ नोव्हेंबर २०२० ला निम्म्या क्षमतेने उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद पडली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. मधल्या काळात अनुभवी माणसं दुकानांत, डिलिव्हरीत गेली. ज्यांची बंद काळातही फोन करून विचारपूस झाली होती, त्यांना परत बोलावणं सोपं गेलं. हे मी जवळून पाहिलंय.

तुम्ही मुलाखतीला जाल तेव्हा न लाजता विचारा: रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, किती दिवस आधी लागतं? साप्ताहिक सुट्टी ठरलेली आहे का? लास्ट शोनंतर गाडी मिळते का? जादा तासांचे पैसे दुप्पट दराने मिळतात का? पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) भरतात का? उत्तरं गुळमुळीत आली तर तिथल्या डोअरकीपरला बाहेर चहाला भेटा आणि त्याला विचारा.