सायकलसाठी बिनब्रँडचे कार्बन फायबरचे पार्ट घेताय? आधी या चुका टाळा

सगळा चायना माल म्हणजे एकाच माळेचे मणी, ही सर्वांत महागात पडणारी समजूत. मोठ्या ब्रँडच्या बहुतेक कार्बन फ्रेम तैवान आणि चीनमध्येच बनतात. तैवानची जायंट तर स्वतःच्या सायकलींसोबत इतर कंपन्यांसाठीही फ्रेम बनवत आली आहे. म्हणूनच ‘त्याच कारखान्यातून मागच्या दाराने आलेली फ्रेम’ ही विक्रेत्याची गोष्ट पटकन पटते. पण बाहेरचा आकार कोणीही उचलू शकतो. आत कार्बन धाग्याच्या कापडाचे थर किती, कुठे आणि कोणत्या दिशेने टाकलेत हे रंगाखाली दिसत नाही.

बाजारात तीन वेगळे प्रकार मिळतात. एक, सरळ नकली: पिनारेल्लो किंवा स्पेशलाइज्डसारख्या बड्या सायकल ब्रँडचं नाव चिकटवलेला माल. हा घेऊच नका. जो नावाबद्दल खोटं बोलतो, तो आतल्या मालाबद्दल खरं का बोलेल? दुसरा, ओपन मोल्ड: साचा कारखान्याचाच, ज्याला हवं त्याने माल घेऊन आपलं नाव लावावं. यात बरं-वाईट दोन्ही मिळतं. तिसरा, चीनमधल्या शियामेनच्या लाइट बायसिकल किंवा विनस्पेससारख्या कंपन्या, ज्या स्वतःच्या नावाने आणि वॉरंटी देऊन विकतात. त्यांना बिनब्रँड म्हणणंच चूक आहे.

‘टी८०० कार्बन’ वाचून भुलू नका. टी७००, टी८०० हे जपानच्या टोरे कंपनीच्या धाग्याचे दर्जे आहेत, हँडलबारचे नव्हेत. बासमती उत्तम आहे म्हणून बिर्याणी जमतेच असं नाही. थरांची रचना फसली, धागे एकत्र धरणाऱ्या रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे राहिले, तर महागडा धागाही वाया जातो.

यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा शिक्का म्हणजे मजबुतीचं प्रमाणपत्र, हाही असाच गैरसमज. शर्यतीच्या नियमांत फ्रेमचा आकार आणि मापं बसतात की नाही, एवढंच त्या मंजुरीत पाहिलं जातं. मजबुतीसाठी आयएसओ ४२१० या सायकल सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा चाचणी अहवाल मागा. त्यावर प्रयोगशाळेचं नाव, तारीख आणि तुम्ही घेताय तेच मॉडेल हवं. सगळ्या मॉडेलना एकच पीडीएफ पाठवणारा विक्रेता तिथेच सोडून द्या.

आता उलट बाजू. ब्रँडचा माल तुटत नाही असं मुळीच नाही. मार्च २०२१ मध्ये बेल्जियमच्या ले सामां शर्यतीत डच सायकलपटू माथ्यू व्हान डर पूलचा हँडलबार चालू शर्यतीत तुटला. त्याची सायकल बनवणाऱ्या कॅन्यनने त्यानंतर त्याच एरोड मॉडेलच्या मालकांना ती चालवू नका असं जाहीर सांगितलं. जास्तीचे पैसे आपण देतो ते या जबाबदारीचे. बिननावाचा हँडलबार तुटला तर त्याच साच्यातले बाकीचे बार कोणाकोणाच्या सायकलवर आहेत, हे शोधणारं कोणीच नसतं.

म्हणून बचत कुठे करायची ते आधी ठरवा. बाटलीचा केज बिनधास्त घ्या. तुटला तर बाटली पडेल. सीटपोस्ट विचारपूर्वक. हँडलबार, त्याला धरणारा स्टेम आणि पुढचं चाक धरणारा फोर्क मात्र बिननावाचे नकोतच. तिथे कार्बन बरेचदा काहीही न सांगता तुटतं आणि समोरचे दात जातात. वजनातली बचत शंभरेक ग्रॅमची. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा अॅल्युमिनियम बार केव्हाही बरा.

चाकांचं गणित वेगळं आहे. चाकाच्या रिमलाच दाबणारा रिम ब्रेक असेल तर स्वस्त कार्बन रिमचा नाद सोडा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, रेझिन मऊ पडतं, कडा फुगते आणि ट्यूब फुटते. डिस्क ब्रेकवर हा धोका उरत नाही. पण रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवणारी आतली वळलेली कड नसलेली आहे का ते विचाराच: तिची हवेच्या दाबाची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. १०० पीएसआय भरायची जुनी सवय इथे टायर रिमवरून उडवू शकते. टायरही हुकलेससाठी चालणारा आणि रिमच्या रुंदीला साजेसा लागतो.

माल चांगला असूनही बसवताना वाट लागते, आणि हे ब्रँडेड मालालाही तितकंच लागू. सीटपोस्ट खाली सरकतो म्हणून बोल्ट आवळत सुटू नका. आधीचं ग्रीस पुसा, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावा आणि पार्टवर छापलेल्या आकड्यापर्यंतच टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा. सहसा तो ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. ‘हाताचा अंदाज’ असलेल्या मेकॅनिकला हा आकडा दाखवा, रागावला तरी चालेल. कार्बन फोर्कच्या नळीत स्टार नट (आतून रुतणारा धातूचा नट) ठोकू देऊ नका, तिथे न ठोकता आतून फुलून बसणारा एक्सपांडर लागतो. नाण्याने टकटक करून बद्द आवाज आला तर पार्ट बाजूला काढा. पण खणखणीत आला म्हणजे तडा नाहीच, असं समजू नका. जोरात पडल्यावर बार उतरवून स्टेमखालची जागा बघायलाच हवी.

किंमत जोडताना कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरा. वॉरंटी असली तरी परत पाठवायचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. नंतर पाठवलेल्या फोटोवर ‘तडा तुमच्याकडेच गेला’ हेच उत्तर येतं.